परतीची तारीख

गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते असं कुणाला सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर देवळात रोज दिवा लावणाऱ्या बाईबद्दल येतं तसं कौतुक येतं. पुण्य लागेल हो, पण काम म्हणून काही धरता यायचं नाही. राजापूरच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. वाचनालय 'क' वर्गातलं, पुस्तकं साडेसात हजार, त्यातली शे-दीडशे वाळवीने आधीच वाचून संपवलेली. साइटवर वाचनालयाच्या वेळा आहेत, कार्यकारिणीची नावं आहेत, पुस्तकांची यादी आहे, आणि ज्यांनी पुस्तकं नेली पण परत केली नाहीत त्यांचीही एक यादी आहे. ही दुसरी यादी बापूंच्या जाड वहीवरून मीच टंकली, एक ओळ सोडून. रोज अकराएक माणसं साइट बघून जात. त्यातले एक बापू स्वतः, सकाळी चहाच्या आधी, रात्री लावलेला दरवाजा लागलेलाच आहे ना हे पाहावं तसे. बापू आमचे ग्रंथपाल. ऐंशी ओलांडली, मानधन बंद होऊन वीस वर्षं झाली, पण किल्ली अजून त्यांच्याच कनवटीला.

मागच्या वर्षी अचानक वाचक वाढले. अकराचे शंभर झाले, शंभराचे हजार, आणि एका अमावास्येच्या रात्री तर चौदा हजार. बापूंनी ही गोष्ट वार्षिक अहवालात घातली. 'सिंगापूर, व्हर्जिनिया, आयर्लंड आदी ठिकाणांहूनही ग्रंथसूचीस उदंड प्रतिसाद' असं वाक्य त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून वाचलं आणि टाळ्या पडल्या. ते वाचक नव्हते, बॉट होते. कुठकुठल्या कंपन्यांनी जगभरची पानं गोळा करायला सोडलेली यंत्रं, पोत्याला लागलेल्या उंदरांसारखी रात्रभर आमची यादी कुरतडत होती. हे बापूंना सांगायला मला जीभ रेटेना. आणि एका अर्थी त्यांचं बरोबरही होतं. साडेसात हजार पुस्तकांची यादी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत एकही ओळ न गाळता वाचणारा वाचक त्याआधी आम्हाला लाभला कुठे होता?

पण आमची साइट राहत होती स्वस्तातल्या सर्व्हरवर, आणि स्वस्तातला सर्व्हर म्हणजे चाळ. एका नळावर वीस बिऱ्हाडं. आमच्या पाहुण्यांनी पाणी उपसलं म्हणून बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या राहू लागल्या आणि मालकाची नोटीस आली. बंगळुरूच्या भाच्याला फोन केला तर तो घास तोंडात असतानाच म्हणाला, "मावशी, सीडीएनमागे टाक ना. अर्ध्या तासाचं काम." तरुण माणसांच्या अर्ध्या तासात किती दिवस मावतात हे मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं.

सीडीएन म्हणजे आपल्या पानांच्या प्रती जगभर ठिकठिकाणी ठेवणारं जाळं. वाचकाला सगळ्यात जवळच्या ठिकाणाहून प्रत मिळते, मूळ सर्व्हरपर्यंत चालत जाण्याचे कष्ट कुणाला पडत नाहीत. १९९८ साली एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी असल्याच कामासाठी अकामाई नावाची कंपनी काढली. शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ हुशार. पुढे या धंद्यात आणखी हुशार लोक उतरले, आणि त्यांच्यातल्या काहींनी आमच्यासारख्या फाटक्या खिशाच्यांना फुकटातही ओसरी दिली. या ठिकाणांना नावं असतात ती बहुतेक विमानतळांच्या तीन अक्षरी खुणांची. फ्रँकफुर्टला एफआरए आणि मुंबईला बीओएम. बॉम्बेची मुंबई १९९५ सालीच झाली, पण विमानांच्या पाट्यांवर ती अजून बॉम्बेच आहे आणि इंटरनेटने ती पाटी जशीच्या तशी उचलली. एकुणात झालं असं, की 'दर सोमवारी व अमावास्येला वाचनालय बंद राहील' ही आमची सूचना आता फ्रँकफुर्टातही ठेवण्याची सोय झाली. एखाद्या जर्मन माणसाला अमावास्येला राजापूरच्या अलीकडे येऊन कुलपाशी उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी.

हे सगळं होण्यासाठी मला करायचं होतं ते फारच थोडं. नाव जिथून विकत घेतलं तिथे जायचं, जुन्या नेमसर्व्हरांची दोन नावं खोडायची, सीडीएनने दिलेली दोन लिहायची. आषाढातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत मी ते केलं.

नेमसर्व्हर म्हणजे काय हे बँकेतून निवृत्त झालेल्या बाईने सांगायचं तर ती बँकेसारखंच सांगणार, पण मला ते नेहमी वाचनालयासारखं वाटत आलं आहे. अगदी आरंभी जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फायलीत असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती वही सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, आणि बाकीच्यांनी ताजी वही उतरवून न्यायची. म्हणजे बापूच. यंत्रं वाढली आणि एका वहीत गाव मावेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी वहीची पानं सुटी करून ज्याची त्याला वाटून टाकली. प्रत्येकाने आपापलं घर सांभाळावं, वरच्याला फक्त 'त्यांना विचारा' एवढं सांगता आलं की पुरे. त्यामुळे आज या जगात सगळा पत्ता ठाऊक असलेलं कुणीच नाही. प्रत्येकाला पुढच्या माणसाचं नाव तेवढं ठाऊक आहे. कोकणात घर शोधत जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे नाव वाचायचं उलटं. आपण पाकिटावर आधी माणूस लिहितो, मग घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा; टपाल खातं मात्र खालून वर वाचत जातं. साइटचं नावही तसंच. डोळे डावीकडून वाचतात आणि यंत्र उजवीकडून: आधी डॉट कॉम, मग आमचं गाव, मग वाचनालयाची खोली. १५ ऑगस्ट १९७२ला आपल्याकडे पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतातले कवीही. त्यांनी एक विलोमकाव्य लिहिलं, सरळ वाचलं तर रामाचं आणि उलट वाचलं तर कृष्णाचं. पत्ते उलटे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काव्यही दोन्ही बाजूंनी दिसावं, यात मला काही नवल वाटत नाही.

पहिली चूक मी त्याच रात्री केली. नव्या पॅनेलमध्ये नावाच्या चौकटीत फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लिहायचं होतं, पुढचं नाव ते आपणहून जोडतं. मी बँकेतल्या सवयीने पूर्ण नाव लिहिलं. त्याने ते घेतलं आणि पुढे पुन्हा पूर्ण नाव जोडलं, त्यामुळे आमची साइट सौ. जोशी जोशी झाली. दुरुस्त केलं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या पुढे सीनेम टाकला. सीनेम ही मोठी गमतीची नोंद आहे. ती पत्ता सांगत नाही, दुसऱ्या नावाकडे बोट दाखवते: हे नाव घेऊन आलात ना, मग खऱ्या नावाने विचारा. १९८७ सालच्या मूळ नियमांत त्याबद्दल एक कडक अट आहे. जे नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं, त्याच्याजवळ स्वतःचं दुसरं काही असता कामा नये. पत्ता नाही, टपालाची सोय नाही, एक कपर्दिकही नाही.

ही अट मी वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. माझं लग्न मे १९८५मधलं. ताटात तांदूळ पसरले होते, ह्यांनी अंगठीने त्यात 'वसुधा' असं लिहिलं आणि बायकांनी वाकून वाचलं. लिहिताना 'ध'ची गाठ नीट पडली नाही, म्हणून मला आधी ते 'वसुला' वाटलं होतं. तोवर मी वीस वर्षं कुसुम होते. तांदळातलं नाव तिन्हीसांजेपर्यंत डब्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भातही झाला असेल, पण रेशनकार्ड, बँक, पुढे पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद, सगळीकडे तेच टिकलं. त्याच वर्षी, आमच्या लग्नाच्या दोन महिने आधी, १५ मार्चला, जगातलं पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं: सिंबॉलिक्स डॉट कॉम. संगणक विकणारी ती कंपनी कधीच उठली, नाव मात्र अजून आहे. माझ्या बाबतीत हे नेमकं उलटं झालं, असं मनात आलं आणि एकटीच हसले. कुसुमकडे काही कमी नव्हतं हो. मॅट्रिकची गुणपत्रिका होती, खो-खोचं एक पितळी पदक होतं, वाचनालयाचं सभासदत्व होतं, क्रमांक २१४. सगळं एका ट्रंकेत राहिलं आणि नाव तेवढं बोट दाखवत उभं राहिलं.

शनिवारी सकाळी फोन सुरू झाले. साइट उघडत नव्हती. चिटणीसांच्या स्क्रीनवर इंग्रजीत आलं होतं, की फार वेळा इकडून तिकडे पाठवण्यात आलं. प्रकार असा होता. वाचक येतो तो कुलूपबंद वाटेने, एचटीटीपीएसने. सीडीएन त्याला ओसरीवर बसवून आमच्या सर्व्हरकडे निरोप घेऊन जाई, पण ते साध्या, उघड्या वाटेने. आमचा सर्व्हर शिस्तीचा. तो म्हणे, या दाराने नाही, कुलपाच्या दाराने या. सीडीएन तोच निरोप वाचकाला देई. वाचक म्हणे, अहो, मी त्याच दाराने आलोय. पुन्हा आत, पुन्हा तेच. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही 'आधी आपण बसावं', 'छे छे, आपण' करत उभे राहतात आणि तिकडे वरण गार होत असतं, तसं. व्याह्यांचं निदान कुणी तरी काका येऊन मिटवतात. ब्राउझर बिचारा वीसएक फेऱ्या मोजून हात टेकतो. उपाय एका चौकटीतला होता: सर्व्हरकडे जातानाही कुलपाच्याच वाटेने जा, असं सीडीएनला सांगायचं.

ते मी शनिवारी दुपारी सांगितलं, पण त्याआधी बापूंचा फोन येऊन गेला होता. आणि बापूंना साइट व्यवस्थित दिसत होती! साऱ्या गावात, डोंबिवलीत, बंगळुरूत व्याही उभेच्या उभे, आणि बापू एकटे निवांत पानावर बसून जेवत होते. "अगो, मला तर दिसतेय. तुम्ही लोक उगाच घाबरता," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की तुमच्या फोनला अजून जुना पत्ता आठवतोय. तो जुन्याच वाटेने थेट सर्व्हरकडे जातो, त्याला सीडीएन भेटलेलंच नाही. "मग चांगलंच आहे की," बापू म्हणाले. चांगलं होतंच, पण टिकणारं नव्हतं. का ते मी त्यांना सांगू लागले.

प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा येतो, टीटीएल. टाइम टू लिव्ह, आयुष्याची मुदत, सेकंदात मोजलेली. पत्ता विचारणारा तो ऐकून घेतो आणि तेवढे सेकंद स्वतःपाशी ठेवतो. मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारायला येत नाही. मधल्या काळात आपण घर बदललं, दारावर नवी पाटी लावली, हाका मारल्या, तरी तो जुन्या दाराशीच जाणार. आपल्या हातातले टीटीएल आदल्या दिवशीच कमी करून ठेवायचे असतात, हे मला ठाऊक होतं आणि मी केलं नव्हतं. घर बदलण्याच्या गडबडीत दुधवाल्याला सांगायचं राहून जातं तसं. आणि डॉट कॉमच्या वरच्या वहीतली नेमसर्व्हरांची मुदत तर माझ्या हातातच नाही. ती १,७२,८०० सेकंद. म्हणजे अठ्ठेचाळीस तास. दोन दिवस थांबा असं सगळे सांगतात ते तिथून आलं. लोकांना वाटतं, नवा पत्ता जगभर पोचायला वेळ लागतो. तसं मुळीच नाही. नवा पत्ता त्याच क्षणी तयार असतो. वेळ लागतो तो जुना विसरायला.

हे सगळं मी फोनवर माझ्या मते फार सोपं करून सांगितलं. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. बापू थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे परतीची तारीख."

परतीची तारीखच की! पुस्तकाच्या पहिल्या पानावर डकवलेली ती रकान्यांची चिठ्ठी, आणि तिच्यावर बापूंनी उमटवलेला जांभळ्या शाईचा थोडासा तिरका शिक्का. आठ दिवसांसाठी पुस्तक दिलं की आठ दिवस ते वाचकाचं. मध्येच नवी आवृत्ती येवो, लेखक आपलं मत बदलो, ग्रंथपालाला वाचकाच्या उशाखालून पुस्तक ओढून आणता येत नाही. मी तीस वर्षं बँकेच्या संगणक विभागात काढली आणि टीटीएल कुणाला एका दमात समजावता आला नाही. बापूंनी तो दोन शब्दांत आटपला, आणि वर विचारलं, "उशिरा आणला तर दंड किती?" दंड नाही म्हटल्यावर त्यांचा या यंत्रणेवरचा विश्वास जरा डळमळला असावा.

त्या दुपारी गॅलरीत बसून मी विचार करत होते की काही पत्त्यांना टीटीएल द्यायचाच राहून गेला आहे. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणजे ट्राम मी पाहिलेली नाही. पण दादरला कुठे भेटायचं म्हटलं की आजही तोंडात येतं, टीटीला. ट्राम टर्मिनस. रूळ उखडले, तारा उतरवल्या, चौकाला दुसरं नाव दिलं, तरी नसलेल्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर लोक एकमेकांची वाट बघत उभे राहतात आणि कमाल म्हणजे भेटतातही. चुकीच्या पत्त्यावर दोघंही गेले तर तो पत्ता बरोबरच असतो.

रविवारी संध्याकाळी अठ्ठेचाळीस तास भरले. साऱ्यांना साइट दिसू लागली, टपालाच्या नोंदी तपासल्या, त्या ठीक होत्या. मी साबुदाणा भिजत घातला. तेवढ्यात बापूंचा फोन: "गेली."

सगळ्यांची बंद होती तेव्हा एकट्या बापूंना दिसणारी साइट आता सगळ्यांना दिसत होती, एकट्या बापूंना सोडून. शेजारच्या दुकानदाराच्या फोनवर दिसत होती. बापूंच्याच सुनेच्या फोनवर दिसत होती. बापूंनी फोन बंद करून चालू केला, ब्राउझरमधला साठा पुसला, तो पुसताना नातवाच्या वाढदिवसाचे फोटो तर पुसले जाणार नाहीत ना म्हणून तीनदा विचारलं. उपयोग शून्य. मागच्या गणपतीत पुण्याच्या नातवाने त्यांच्या फोनला कंपनीचा नेहमीचा रिझॉल्व्हर (म्हणजे फोनच्या वतीने पत्ते विचारून आणणारा कारकून) सोडून एक सार्वजनिक, काटेकोर रिझॉल्व्हर लावून दिला होता, एवढा धागा रात्री हाती लागला.

मग मी खणायला बसले. खणायलाच म्हणायचं, कारण आज्ञेचं नावच 'डिग' आहे. काळ्या खिडकीत तीन अक्षरं टाकायची आणि पत्ता मुळापासून विचारत खाली यायचं. सगळ्यात वर मूळ सर्व्हर, 'ए'पासून 'एम'पर्यंत एकेका अक्षराचे तेरा. म्हणायला तेरा, प्रत्यक्षात ते जगभर हजारावर ठिकाणी उभे आहेत, मुंबईतही. पंढरीचा विठोबा गावोगावच्या देवळांत उभा असतो, तसे. तिथून डॉट कॉम, तिथून आमचे नेमसर्व्हर, सगळे नमस्कार करून पुढची दिशा दाखवत होते. मात्र काटेकोर रिझॉल्व्हरला विचारलं की उत्तर यायचं, सर्व्हफेल. त्यालाच 'तपासणी करू नकोस, नुसतं सांग' असा बारीक इशारा जोडून विचारलं की पत्ता लगेच हातात. पुन्हा इशारा काढला, पुन्हा सर्व्हफेल. म्हणजे पत्ता त्याला ठाऊक होता. सांगायची तयारी नव्हती.

आता हे मात्र माझ्या खात्यातलं होतं. चेक बरोबर, खातं बरोबर, शिल्लक भरपूर, आणि तरी चेक परत जातो तेव्हा कारण एकच असतं: सही नमुन्याशी जुळत नाही. साइटच्या नोंदींवरही सही असते. तिचा नमुना वरच्या वहीत ठेवलेला असतो, त्याला डीएस नोंद म्हणतात. जुन्या नेमसर्व्हरांनी कधी काळी आपल्या सहीचा नमुना तिथे ठेवला होता. मी ते नेमसर्व्हर बदलले आणि नमुना काढायला विसरले. नव्या घरी ती सही करणारंच कुणी नव्हतं. सैल रिझॉल्व्हर नमुना न उघडताच पैसे देत होते. बापूंचा रिझॉल्व्हर भिंग लावून बसला होता. सही नाही तर पत्ता नाही! चूक माझीच होती, आणि तो जगातला असा एकमेव कारकून निघाला ज्याने माझ्या हातची चूक मला नियमाने दाखवून दिली. मला त्याचा राग येईना. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी स्वतःच एका फॉर्मवर चुकून 'कुसुम' अशी सही केली होती, आणि काउंटरपलीकडच्या सिनियर बाईंनी ती न बोलता माझ्याकडे परत सरकवली होती. दुसऱ्या खेपेला 'वसुधा' लिहिताना 'ध'ची गाठ माझ्याच्यानेही नीट पडली नव्हती.

डीएस नोंद काढली. तिची मुदत एक दिवस, ८६,४०० सेकंद. बापूंना फोन करून सांगितलं की परतीची तारीख उद्या रात्रीची. "ठीक आहे," ते म्हणाले, "उद्या सोमवार, वाचनालय बंदच आहे."

सोमवारचा दिवस मी कशातही न रमता काढला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तेच अवघड असतं. आई होती तोवर ती मला पत्र लिहायची त्यावर वरती 'चि. सौ. वसुधा' आणि आत 'प्रिय कुसुम'. पाकीट डोंबिवलीच्या पोस्टमनसाठी, आतला कागद माझ्यासाठी. आई गेली, मग दोन्ही काका, मग शेजारची यमूताई. तिने तर मला कधी धड कुसुमही म्हटलं नाही, कुशेच म्हणायची. एकेक जण आपापल्यापाशी ठेवलेलं ते नाव घेऊन गेला. पुसून कुणी टाकलं नाही, ज्याची त्याची मुदत भरत गेली. आता त्या नावाने विचारणारं एकच माणूस राहिलं आहे, आणि त्याचा फोन भिंगवाल्या रिझॉल्व्हरवर अडकलेला.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला.

"अगो कुसुम, दिसली गो!" आणि मग लगेच, दीड दिवस साइट न बघितल्याची सगळी उपासमार भरून काढत बापू पान वर-खाली सरकवू लागले. वेळा बरोबर. कार्यकारिणी बरोबर. पुस्तकांच्या यादीत दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ. मग थकीत पुस्तकांच्या यादीपाशी ते थांबले. वहीची पानं उलटल्याचा आवाज मला डोंबिवलीत ऐकू आला.

"यात एक नाव कमी आहे."

मी गप्प. ते पुस्तक तेव्हाही माझ्या कपाटात होतं, आजही आहे. तांबड्या कापडी बांधणीचं, पहिल्या पानावर जांभळा, तिरका शिक्का: ९ मे १९८५. सामानात चुकून आलं असं मी सगळ्यांना सांगते.

"दंड किती झाला बापू?"

"दहा पैसे रोजचा. मोजत बसत नाही आता मी," ते म्हणाले. "पण वहीत आहे तर यादीत हवं. दोनशे चौदा, कु. कुसुम. परतीची तारीख लिहू नको, रकाना कोरा ठेव."

चहा गार होऊ दिला आणि ओळ टाकली. मग सीडीएनमधल्या जुन्या प्रती काढून टाकायचं बटण दाबलं, म्हणजे ज्याला त्याला ताजं पान मिळावं. फ्रँकफुर्टात कुणी विचारलंच, तर आता तिथेही सापडेन.